गोठ्यामागचं पोट

गोबरगॅसवर उकळलेला चहा नेहमी थोडा जुना असतो. पत्ती ताजी असेल, दूध आत्ताच काढलेलं असेल, पण खालची ज्योत मात्र महिना-दीड महिन्यापूर्वीच्या गवताची असते. ते गवत म्हशीनं कुठल्या बांधावर खाल्लं, त्या दिवशी ऊन होतं की मळभ, हे आता म्हशीलाही आठवत नसणार. त्याचं शेण झालं, ते टाकीत उतरलं, तळाच्या अंधारात चाळीसएक दिवस कुणाशी न बोलता राहिलं आणि आज सकाळी निळ्या पाकळ्या होऊन भांड्याच्या बुडाला येऊन टेकलं. सिलिंडरमधल्या गॅसला भूतकाळ नसतो असं नाही. त्याचा तर कोट्यवधी वर्षांचा असतो. पण तो इतका लांबचा की त्याच्याशी नातं ठेवायचं म्हटलं तरी जमत नाही. गोबरगॅसचा भूतकाळ आपल्या ओळखीतला असतो. त्याला आपण नावानं हाक मारतो आणि तो गोठ्यात उभा राहून रवंथ करत असतो.

सिंधुदुर्गातल्या आमच्या घरी, गोठ्याच्या मागच्या अंगाला काकांनी जो गोबरगॅस बांधला होता तो जुन्या पद्धतीचा, लोखंडी टोपीवाला. जमिनीत खोल गोल टाकी, तिच्यात शेणकाला आणि त्यावर उपडी घातलेली भली मोठी लोखंडी टोपी. आत गॅस साठला की टोपी वर यायची, स्वयंपाक उरकला की खाली बसायची. तिच्याच वजनानं गॅस पाइपातून स्वयंपाकघरात ढकलला जाई. पंप नाही, मोटर नाही. जशभाई पटेल यांनी पन्नासच्या दशकात असा नमुना घडवला आणि त्याचं नाव ठेवलं ‘ग्रामलक्ष्मी’. पुढे खादी ग्रामोद्योग आयोगानं तो देशभर नेला. लक्ष्मी म्हटल्यावर तिचं येणं-जाणं लहरीवर असणार हे ओघानंच आलं. सकाळी उठल्यावर गावातले बाकीचे लोक आभाळ बघायचे. काका टोपी बघायचे. टोपी भरपूर वर असली तर फणसाची भाजी आणि पाहुण्यांना राहण्याचा आग्रह. मध्यावर असली तर भात आणि आमटी. आणि अगदीच बसलेली असली, तर उन्हं उतरायच्या आत निघालात तर तिठ्यावर गाडी मिळेल, असं काका अतिशय आडवळणानं सुचवीत. पाहुणचाराची पातळी इतकी उघड्यावर, परसात, सगळ्यांना दिसेल अशी मोजणारं घर मी दुसरं पाहिलेलं नाही.

हिशेब तसा काही डोळे दिपवणारा नव्हता. साधारण पंचवीस किलो शेण आणि तेवढंच पाणी रोज घालावं, तर एक घनमीटर गॅस मिळतो. आणि एक घनमीटर म्हणजे सिलिंडरमधला अर्धा किलोसुद्धा गॅस नव्हे. पाचसहा माणसांच्या घराला याच्या दुप्पट लागतो, म्हणजे गोठ्यात चारपाच जनावरं हवीत आणि त्यांनी बेत न बदलता रोज आपापला वाटा उचलायला हवा. काकांना हे प्रमाण पाठ होतं. एखादी म्हैस आजारी पडली की ते डॉक्टरला बोलावीत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर माया असे हे खरंच. पण त्या मायेच्या कडेला एक बारीक आकडेमोडही चालू असे.

घरात या ग्रामलक्ष्मीचा प्रवेश मात्र सहज झाला नाही. आजीचा विरोध होता. शेणाला तिचा विरोध असणं शक्यच नव्हतं. रोज सकाळी खळ्यात शेणसडा पडल्याशिवाय तिचा दिवस उजाडत नसे, सारवलेल्या जमिनीखेरीज देवाचा पाट कुठे मांडावा हे तिला सुचत नसे आणि पंचगव्य तर ती तीर्थासारखं घेई. तिचा आक्षेप जास्त बारीक होता. गोठ्यात तांबू ही एकच गाय. बाकी सगळ्या म्हशी. गायीचं शेण पवित्र, म्हशीचं नुसतं शेण. टाकीत दोन्ही एकत्र कालवलं जातं, मग वर येणाऱ्या गॅसमधला गायीचा कुठला आणि म्हशीचा कुठला? देवाच्या नैवेद्याखाली म्हशीची आग लावायची? या प्रश्नाला खादी ग्रामोद्योग आयोगाच्या कुठल्याही पुस्तिकेत उत्तर नव्हतं. शेवटी तह झाला. माणसांचा स्वयंपाक गॅसवर, देवाचा चुलीवर. कितीतरी दिवस आमच्या घरात देव धूर खात जेवले आणि माणसं बिनधुराचं.

तह मोडला तो श्रावणात. कोकणातला श्रावण म्हणजे नैवेद्य सगळ्यांत जास्त आणि सुकी लाकडं सगळ्यांत कमी. फुंकणी फुंकून आजीचे डोळे लाल झाले, पुरणाला धुराचा वास लागला, आणि सोमवारी की शुक्रवारी कधीतरी तिनं ते पातेलं उचलून मुकाट्यानं शेगडीवर ठेवलं. काकांनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. पण आजी काही न बोलता माघार घेणारी नव्हती. संध्याकाळी वात वळता वळता तिनं स्वतःच निकाल दिला, की अग्नीला विटाळ नसतो; त्यात जे पडतं ते शुद्ध होतं, मग ते तूप असो की म्हैस. धर्मशास्त्राचा असा वापर होताना मी पुष्कळदा पाहिला आहे, पण इतक्या चांगल्या कामासाठी क्वचितच.

काकांवर त्या दिवसांत विज्ञानाचं वारं होतं, आणि नवं ज्ञान झालेला माणूस जे करतो तेच ते करायचे: दिसेल त्याला समजावून सांगायचे. एका रात्री त्यांनी थेट देवचारालाच हात घातला. आमच्याकडे देवचार म्हणजे गावाच्या सीमेची राखण करणारा. रात्री मळ्यांच्या कडेनं चूड घेऊन फिरतो, वाट चुकलेल्याला घरी सोडतो आणि पुष्कळांनी ती चूड लांबून पाहिलेली असते. काका म्हणाले, चूड वगैरे काही नाही, मळ्यातल्या चिखलात पालापाचोळा कुजतो, त्याचा गॅस होतो, तो आपल्या टाकीतलाच मिथेन, आणि तोच कधीतरी पेटतो. इटलीतल्या व्होल्टा नावाच्या शास्त्रज्ञानं १७७६ मध्ये एका सरोवराच्या काठचा चिखल काठीनं ढवळून, वर येणारे बुडबुडे बाटलीत धरून, ते जळतात हे दाखवलं होतं. पुढे ज्याच्या नावावरून विजेचा ‘व्होल्ट’ आला तोच हा. पण आधी त्यानं चिखल ढवळला, ही गोष्ट मला त्याच्याविषयी फार आपुलकी वाटायला लावते. आजीनं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, “बरां. पण पेटवता कोण?” काका थांबले. कारण त्यांना स्वतःलाच रोज शेगडीला काडी लावावी लागत होती. मिथेन आपणहून पेटत नाही. रानातल्या त्या उजेडाचं नेमकं कारण काय, यावर शास्त्रज्ञही आजवर वाद घालत आले आहेत हे मला पुष्कळ पुढे वाचायला मिळालं. आजीनं मात्र तो वाद त्या रात्रीपुरता देवचाराच्या बाजूनं मिटवून टाकला.

खरं सांगायचं तर काका ज्याला विज्ञान म्हणत होते ते देवचारापेक्षा कमी अद्भुत नाही. टाकीत जे घडतं ते गायीच्या पोटात घडतंच असतं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात गवत पचवायला जे सूक्ष्म जीव राबतात, त्यांतलेच काही शेणाबरोबर बाहेर येतात आणि टाकीत पुन्हा कामाला लागतात. म्हणजे गोबरगॅस हे यंत्र नव्हेच. ते गोठ्याबाहेर, जमिनीत पुरून ठेवलेलं आणखी एक पोट आहे. फरक इतकाच की गाय तो गॅस ढेकरा देऊन हवेत सोडते आणि आपण तो पाइपानं शेगडीला आणतो. यातले शेवटच्या टप्प्यावर मिथेन तयार करणारे जे जीव आहेत त्यांना शास्त्रज्ञ फार दिवस बॅक्टेरियाच समजत होते. १९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी दाखवलं की ते बॅक्टेरिया नव्हेत; सजीवांच्या वंशवृक्षाची ती एक वेगळीच, अतिशय जुनी फांदी आहे. त्यांना प्राणवायू सोसत नाही. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू नव्हता त्या काळापासूनचे हे रहिवासी. पुढे हवा बदलली, झाडं आली, श्वास घेणारे आपण आलो, आणि ते बिचारे जिथे हवा पोचत नाही अशा जागा शोधत खाली खाली गेले: दलदलीच्या तळाशी, समुद्राच्या बुडाशी, गायीच्या पोटात. पृथ्वीच्या या मूळ मालकांना आमच्या काकांनी परसात वीटकामाची एक खोली बांधून दिली होती आणि भाड्यापोटी ते चहा उकळून देत होते.

भाडेकरू जुने असले की त्यांचे स्वभावही सांभाळावे लागतात. त्यांना ऊब लागते. पस्तीस अंशांच्या आसपास ते खूश असतात, पावसाळ्यात त्यांचा हात आखडतो. शेणात गवताच्या काड्या, पेंढा फार गेला की तो वर तरंगून जाड थर धरतो आणि गॅस खालीच कोंडतो. साबणाचं पाणी चालत नाही. एका गणपतीत मुंबईहून आलेल्या चुलतभावानं मोठ्या उत्साहानं गोठा फिनेलनं धुऊन काढला. गोठा चकचकीत झाला, पण ते पाणी टाकीत गेलं आणि आतल्या कोट्यवधी वर्षांच्या परंपरेनं मान टाकली. टोपी बसली ती बसलीच. उकडीचे मोदक सोडून सगळा उत्सव शेजारच्या घरी शिजवावा लागला. मग काकांनी दुसऱ्याच्या चालू टाकीतला दोन-चार बादल्या काला मागून आणला आणि विरजणासारखा आपल्या टाकीत घातला. त्यानंतर सगळ्यांनी वाट पाहिली. वाट पाहण्याखेरीज त्यात करण्यासारखं काही नव्हतंच. एके सकाळी काकी मागच्या दारातून ओरडली, “गॅस इलो गो!” आणि आजीनं देवाला साखर ठेवली, कुठल्या देवाला, ते तिनं सांगितलं नाही.

काकीचं नाव या सगळ्यात असं शेवटी येतं, हाच या कथेतला अन्याय आहे. टोपी काका बघत, व्होल्टा काका सांगत, अनुदानाच्या कागदावर सही काकांची. पण रोज सकाळी बांगड्या मागे सारून कोपरापर्यंत हात घालून शेण कालवायची ती काकी. गाठ राहता कामा नये, काडी राहता कामा नये, पाणी शेणाइतकंच हवं, ना कमी ना जास्त. भजीचं पीठ आणि गोबरगॅसचा काला यांच्या दाटपणाबद्दल ती एकाच अधिकारानं बोलू शकत असे. तिला विचारलं तर ती म्हणायची, रानातून मोळी आणण्यापेक्षा हे बरं आणि चुलीच्या धुरापेक्षा तर कितीतरी बरं. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. उघड्या चुलीत शेणी जाळल्या तर त्यातल्या उबेचा जेमतेम दहावा भाग भांड्याला लागतो, गॅसच्या शेगडीवर निम्म्याहून जास्त. पण देशात लाखांनी गोबरगॅस बांधले गेले आणि त्यांतले पुष्कळ बंद पडले, त्याची कारणं अहवालांत शोधणाऱ्यांनी गंज, तडे, पाण्याची टंचाई असं बरंच काही लिहिलं आहे. त्यात काकीचे हात किती ठिकाणी लिहिले गेले असतील याची मला शंका आहे.

टाकीच्या दुसऱ्या तोंडानं जे बाहेर यायचं, त्याचं कौतुक मात्र सगळ्यांनी मिळून केलं. रबडी म्हणायचे तिला. आत शिरताना शेणाला जो वास असतो तो बाहेर येताना नसतो. माश्यासुद्धा तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत, जणू त्यांच्या लेखी त्यात आता काही राहिलेलंच नाही. आणि राहिलेलं तर सगळं असतं. शेणी थापून जाळल्या की नत्र धुराबरोबर जातो, हाती राख येते. इथे जळण्याजोगं ते जळून गेलं तरी नत्र रबडीत तसाच. जेवून झाल्यावर ताट पुन्हा भरलेलं मिळावं असा हा प्रकार, आणि तो पाहून आमच्या परसातले माड आणि वांगी दोघंही चक्रावून गेले. वांग्यांचा तर आकार असा झाला की भरली वांगी करायची म्हणजे मसाला कमी पडायचा.

माणसाच्या मैल्याचीही हीच गोष्ट आहे, पण ती आजीच्या हयातीत घरात कुणी काढली नाही. खरं तर तो मार्ग मुंबईनं फार आधी चोखाळला होता; माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्येच मैल्यापासून गॅस तयार केला जात होता. आणि आमच्या जवळ, कणकवलीत, तर आप्पासाहेब पटवर्धनांचा गोपुरी आश्रम. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात हे गृहस्थ, सफाईचं काम मलाही करू द्या, या मागणीसाठी उपोषणाला बसले होते आणि येरवड्यात गांधीजींनी त्यांच्यासाठी आपलं जेवण सोडलं होतं. लोक तुरुंगात सवलती मागतात; आप्पांनी झाडू मागितला. घाण ही फक्त चुकीच्या जागी पडलेली संपत्ती आहे, हे सिद्ध करण्यात त्यांचं उरलेलं आयुष्य गेलं. त्यांच्याच वाटेनं देहूत डॉ. सुहास मापुसकर गेले. डॉक्टर म्हणून गावात आले आणि औषधं देता देता संडास बांधू लागले, मग त्या संडासांना गोबरगॅस जोडू लागले. तुकोबांच्या गावात संडासाच्या गॅसवर स्वयंपाक शिजतो, ही कल्पना पचायला किती घरांना किती श्रावण लागले असतील कोण जाणे. २०१७ मध्ये मापुसकरांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आमची टोपी हळूहळू गंजली. दरवर्षी रंग द्यायचा तो एक वर्ष राहिला, मग दुसरं वर्षही. तोवर सिलिंडर दारात येऊ लागला होता; त्याला ना पेंढ्याचा राग ना फिनेलचा. म्हशी एकेक करून विकल्या गेल्या, तांबू म्हातारी होऊन गेली, आजी तिच्या आधीच. टाकीत पावसाचं पाणी साचून बेडूक राहायला आले. काका अजूनही सकाळी मागच्या दारात उभे राहून एकवार तिकडे बघत. आता टोपीच्या उंचीवर काहीच अवलंबून नव्हतं तरीही.

इकडे जगाला गोबरगॅसची नव्यानं आठवण झाली आहे. १९८४ मध्येच ‘दीनबंधू’ नावाचा नमुना आला होता, विटांचा घुमट जमिनीखाली, लोखंड नाही, गंज नाही. आमच्याच जिल्ह्यात झारापच्या भगीरथ प्रतिष्ठाननं तशा प्रकारचे बायोगॅस घरोघर उभे केले आहेत. सरकारनं २०१८ मध्ये मोठ्या प्रमाणावरच्या गॅससाठी योजना काढल्या; साखर कारखान्यांचा प्रेसमड नावाचा गाळ, शहरांचा ओला कचरा, शेतातला पेंढा यांपासून गॅस काढून, शुद्ध करून, दाबून गाड्यांत भरायचा. फार चांगली गोष्ट आहे. फक्त टनांच्या त्या हिशेबात म्हशीला नाव उरत नाही, एवढी एक खंत मी माझ्यापुरती ठेवून घेतो.

यंदा काकांनी दोन म्हशी घेतल्या आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहीर केलं, की पुन्हा गोबरगॅस बांधायचा, या खेपेला घुमटाचा. पुण्याहून, ठाण्याहून, दुबईहून अंगठे उंचावले गेले. कुणी पर्यावरणावर दोन परिच्छेद लिहिले, कुणी एक चित्रफीत पाठवली, फिनेलवाल्या चुलतभावानं सर्वांत आधी पाच हजार रुपये पाठवले. दुपारी काकीचा निरोप आला: “शेण कोण कालवतलो?” बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग दुबईहून सुचवलं गेलं, की कालवायला हातानं फिरवायचं यंत्र मिळतं. त्यावर काकीनं विचारलं, “आणि ता फिरवतलो कोण?” चर्चा अजून संपलेली नाही. दरम्यान काकांनी गवंड्याला बोलावून जुन्या टाकीशेजारी चुन्यानं गोल आखून घेतला आहे. त्या गोलाच्या बरोबर मधोमध एक पोफळ येते, आजीनं लावलेली, आणि तिचं काय करायचं यावर आता दुसरा ग्रुप काढला आहे.